तीन लाखात स्विफ्ट डिझेल, वॅगनआर की दिल्ली पासिंगची इकोस्पोर्ट?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज गॅरेज उघडायच्या आधीच लिहायला बसलोय, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलीये. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न सांगतो. तुमची २००८ ची सँट्रो गरम होऊन रस्त्यात बंद पडली, मेकॅनिकनी इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवायला लागेल म्हणून ४५ हजार सांगितले. हातात सगळे मिळून ३ लाख, कर्ज काढायचं नाही. समोर तीन गाड्या आहेत, २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली ३ लाख १० ला, २०१५ ची वॅगनआर पेट्रोल सेकंड ओनर ५८ हजार किलोमीटर २ लाख ८५ ला, आणि चुलतभाऊ म्हणतोय ती दिल्ली पासिंगची २०१५ ची इकोस्पोर्ट डिझेल २ लाख ७० ला. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की वडिलांना आठवड्यातून दोनदा तासगावहून मिरजेला डायलिसिसला न्यायचं असतं, व्हीलचेअर सोबत असते.

आता बघा, ही शेवटची ओळ वर घेतली की सगळा प्रश्नच बदलतो. डायलिसिसची वेळ चुकवता येत नाही, त्यामुळे त्या दोन दिवशी सकाळी गाडी चालू झालीच पाहिजे, रस्त्यात थांबली नाही पाहिजे, आणि वडिलांना उतरताना-चढताना त्रास नको. मायलेज, फीचर, गाडी दिसते कशी, हे सगळं त्यानंतर. मी गेली २४ वर्षं सांगली-मिरज रोडवर गॅरेज चालवतोय, डायलिसिसवाल्या पेशंटच्या चार-पाच गाड्या माझ्याकडं नेहमीच्या आहेत, त्यामुळे हे जरा जवळनं बघितलंय.

आधी सँट्रोचं बोलू. दुरुस्त करावी का हा प्रश्न वाईट नाही, आणि कधीकधी जुनीच गाडी नीट करून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं, कारण तिची खोड आपल्याला माहीत असते. बॉडी चांगली असती, एसी चालू असता, फक्त हेड गॅस्केट (हेडखालचं पातळ पॅकिंग) गेलं असतं तर मी करा म्हणालो असतो. पण तुम्हीच लिहिताय की एसी दोन वर्षं बंद आहे, स्टिअरिंग रॅक गळतोय आणि पासिंग २०२८ पर्यंतच आहे. म्हणजे ४५ हजार घालून गाडी चालू होईल, पुढं रॅकचे, मग एसीचे, आणि तीन वर्षांनी परत पासिंगला उभं राहायचं. १७ वर्षांच्या गाडीत वायरिंग आणि रबराचे पाइप कधी दगा देतील सांगता येत नाही. तुमच्या कामासाठी ती सोडा. जशी आहे तशी विका, विकायच्या आधी इंजिनवर पैसे घालू नका, ते वसूल होत नाहीत.

आता पैसे. तुमच्याकडं ३ लाख आहेत म्हणजे तुम्ही ३ लाखाची गाडी बघताय, आणि इथंच बहुतेक जण फसतात. ३ लाखाची गाडी घेतली की हातात शून्य, आणि पुढच्या महिन्यात बॅटरी जाते, टायर फुगतो, क्लच घसरायला लागतो, मग पाहुण्यांकडं हात पसरायचा. माझ्याकडं जुनी गाडी घेऊन जो कोणी येतो त्याला मी एकच सांगतो, गाडी अडीच लाखाच्या आसपासच बघ. १०-१५ हजार इन्शुरन्स, ट्रान्सफर आणि एजंटचे धरा, उरलेले ३५ हजार पहिल्या महिन्याच्या कामासाठी वेगळे ठेवा नि त्याला हात लावू नका. त्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेकचं ऑइल, पॅड-शू, प्लग, बॅटरी हे बसतं आणि गरज पडली तर चार टायर पण, छोट्या गाडीचे टायर १५ हजाराच्या आसपास येतात. हे काम मागचा मालक 'आत्ताच केलंय' म्हणाला तरी करून घ्या, बिल दाखवलं तर गोष्ट वेगळी.

आता तिन्ही गाड्या.

इकोस्पोर्ट पहिली काढून टाकू. गाडी म्हणून ती वाईट नाही, चालवायला दणकट आहे. पण ती स्वस्त का मिळतेय ते बघा. दिल्लीत १० वर्षं झालेली डिझेल गाडी चालवायला बंदीचे आदेश निघाले होते, त्यामुळे दहा वर्षांच्या तोंडावरच्या डिझेल गाड्या तिकडनं बाहेर येतात आणि आपल्याकडं स्वस्त वाटतात. ती इथं नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) पाहिजे, इथला रोड टॅक्स भरायचा, एमएच नंबर घ्यायचा. ते २ लाख ७० मध्ये धरलेलं नसतं, आणि एनओसी हातात नसताना पैसे दिले तर गाडी दारात उभी नि कागद अडकलेले. वर इकोस्पोर्ट बनवणाऱ्या फोर्डनी २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. फिल्टर, ब्रेक पॅड असलं किरकोळ सामान मिळतं, पण एखादा सेन्सर नाहीतर बॉडीचा पार्ट लागला की वाट बघायची. हौशीनं दुसरी गाडी म्हणून ठेवणाऱ्याला आठवडाभर थांबणं चालतं, तुम्हाला चालणार नाही.

स्विफ्ट डिझेल. इंजिन चांगलं, १२४८ सीसीचं, टायमिंग चेनचं, नीट सांभाळलेली अडीच लाख किलोमीटर गेलेली गाडी पण मी बघितलीये. पण तुमचं रनिंग काढू. जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, वर्षाचे सव्वासात हजार, बाकीचं फिरणं धरून १० हजार. पेट्रोल १०५ नि डिझेल ९१ रुपये धरलं, पेट्रोल गाडी १७ चं ॲव्हरेज देते आणि डिझेल २१ चं असं धरलं, तर वर्षाला १८ हजार रुपये डिझेलमध्ये वाचतात. वाचतात हे खरंय. पण १ लाख ३२ हजारानंतर इंजेक्टर, टर्बो, क्लच यातलं एखादं काम निघणारच, इंजेक्टर आणि टर्बो दोन्ही निघालं तर दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. आणि अशी कामं सांगून येत नाहीत. दिवसाला शंभर किलोमीटर पळवणारा असता तर मी म्हणालो असतो घ्या डिझेल. शिवाय भाव तुमच्या बजेटच्या वर.

आणि अजून एक, जे गाडीच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. स्विफ्टची सीट खाली आहे. डायलिसिस करून आलेला माणूस गळून गेलेला असतो, त्याला खाली वाकून बसायचं नि परत गुडघ्यावर जोर देऊन उठायचं म्हणजे शिक्षा. माझ्या एका कस्टमरची आई अशीच, मुलगा दोन्ही हात धरून ओढून काढायचा. त्यानं गाडी बदलून वॅगनआर घेतली. तिची सीट साधारण खुर्चीच्या उंचीला येते, दार मोठं उघडतं, माणूस पाठ करून सीटवर टेकतो आणि मग पाय आत घेतो. आता त्या आजी स्वतः बसतात. मी ते गॅरेजच्या दारात उभं राहून बघितलंय आणि तेव्हापासून म्हाताऱ्या माणसासाठी गाडी विचारली की माझ्या तोंडात आधी वॅगनआरच येते.

तेव्हा तुमच्या तिघांत वॅगनआर. २०१५ च्या वॅगनआरला के-१० इंजिन आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग चेन, म्हणजे बेल्ट बदलायचा खर्च नाही. पार्ट तासगावच्या दुकानात पण मिळतो आणि हात घालायला कुठलाही मेकॅनिक तयार असतो. तीन सिलिंडरमुळे उभी असताना जरा थरथरते, इंजिन माउंटिंग गेलं असेल तर जास्त, पण ते मोठं काम नाही. याच बजेटात सेलेरिओ बघा, ग्रँड आय-टेन पेट्रोल सापडली तर ती पण. जुनी आय-टेन बघाल तर १.१ की १.२ ते विचारा, १.१ ला टायमिंग बेल्ट आहे नि १.२ कप्पाला चेन.

सीएनजी तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, नि पैशाच्या हिशोबानं ते बरोबर आहे. पण टाकी डिकीत येते, मग व्हीलचेअर कुठं ठेवणार? मागच्या सीटवर ठेवली तर सोबत येणारं माणूस कुठं बसणार? तुमच्या घरात ही अडचण नसती तर मी कंपनी फिटेड सीएनजी, आरसीवर नोंद असलेली आणि सिलिंडरची तीन वर्षांची टेस्ट झालेली घ्या म्हणालो असतो. एएमटी ऑटोमॅटिक (क्लच-गिअर आपोआप बदलणारी) या बजेटात नको, ते बदलणाऱ्या ॲक्चुएटरचं काम निघालं की तुमचे ३५ हजार तिथंच संपायला लागतात.

हे सगळं मॉडेलचं झालं. पण २०१५ च्या दोन वॅगनआर शेजारी उभ्या केल्या तर एक अजून आठ वर्षं जाईल आणि दुसरी सहा महिन्यात रडवेल, दिसायला दोन्ही सारख्या. त्यामुळे ही ५८ हजारवाली कशी आहे ते बघणं हेच खरं काम, आणि इथं मी जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं. आपल्या भागात २०१९ च्या ऑगस्टमध्ये नि परत २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला, २०२१ ला तिकडं चिपळूण पण बुडालं. त्या गाड्या कुठं गेल्या? बऱ्याचशा धुऊन, वाळवून, पॉलिश करून बाजारात आल्या. माझ्या हातून यात एक चूक झालीये, ती सांगतो. २०२० च्या सुरुवातीला एक नर्स माझ्याकडं गाडी दाखवायला घेऊन आल्या, एका डीलरकडनं घ्यायची होती. इंजिन बघितलं, सस्पेन्शन बघितलं, चालवून बघितली, सगळं झकास, मी घ्या म्हणालो. पावसाळा लागला तसं स्टिअरिंग मधेच जड व्हायला लागलं, मग मीटरवर दिवे लागायला लागले. शेवटी सीट काढून कार्पेट उचललं तर खाली बोटभर वाळलेला गाळ, आणि वायरिंगचे सॉकेट हिरवे पडलेले. त्यांचे पैसे माझ्या शब्दावर गेले होते. वायरिंगच्या कामाची मजुरी मी घेतली नाही, पण गाडी शेवटपर्यंत नीट झाली नाही.

तेव्हापासून मी बोनेट उघडायच्या आधी सीट बेल्ट ओढतो. पूर्ण ओढायचा, अगदी शेवटपर्यंत. बाहेरचा हातभर बेल्ट धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर भाग कोणी धूत नाही. पाण्यात बुडलेल्या गाडीत तिथं तपकिरी रेघ दिसते, हात लावला तर बेल्ट कडक लागतो, खरखर करतो. चारही बेल्ट बघा. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटचे रूळ गंजलेत का बघा, काचा बंद करून पाच मिनिटं एसी लावून बसा आणि वास घ्या. गाडीत भारी सेंट मारलेला असेल तर जास्तच लक्ष द्या.

मग थंड इंजिन. मालकाला सांगा मी सकाळी सातला येतो, गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यानं आधी चालू करून ठेवलीये, का ठेवलीये ते विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीच नाही. कूलंट हिरवं, निळं, लाल काहीही रंगाचं असू दे, पण साधं पाणी किंवा गंजाचं तांबडं पाणी असेल तर तुमच्या सँट्रोची गोष्ट परत होणार. ऑइलच्या झाकणाच्या आत मलईसारखं पांढरं साचलंय का बघा, पावसाळ्यात थोडं थोडं फिरणाऱ्या गाडीत जरासं असू शकतं, पण भरपूर असेल तर सोडा. मग चालू करा, पहिल्या सेकंदाला चेनचा खडखडाट येऊन लगेच थांबला तर चालतं, चालूच राहिला तर चेनचं काम आहे. एकानं रेस द्यायची, एकानं मागं उभं राहून धूर बघायचा, निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू गाडीत ऑइलचं झाकण काढून बघा, भसाभसा वाफ बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

५८ हजार खरे का? दहा वर्षात ५८ हजार म्हणजे वर्षाला सहा हजारसुद्धा नाहीत, रिटायर माणसाची असेल तर होऊ शकतं. पण मीटर मागं करणं आजकाल लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे. क्लचच्या पेडलचं रबर बघा, ५८ हजाराला त्याच्यावरच्या रेघा दिसायला पाहिजेत. गुळगुळीत झालं असेल, किंवा उलट एकदम कोरं नवीन असेल तरी विचारा. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीये का, स्टिअरिंगला घड्याळातल्या दहा नि दोनच्या जागी चकचकाट आलाय का. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, गाडीच्या नंबरवर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरसकट निघतात. मालक यायला काचकूच करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. आधी टॅक्सी पासिंग होती का ते पण बघा, पिवळ्या प्लेटची पांढरी केलेल्या गाड्या फिरतात.

ॲक्सिडेंटचं थोडक्यात सांगतो. बंपरला रंग मारलेला असेल तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर बंपर घासतोच. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघा, उडालेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे ते खोलून बसवलंय, मग बोनेटच्या आत पुढची पट्टी नि दोन्ही बाजूचे एप्रन (इंजिनशेजारचे आतले पत्रे) सरळ आहेत का, वेल्डिंगचे गोल ठिपके कंपनीचे आहेत की हातानं ओढलेले ते मेकॅनिकला दाखवा. काचांच्या कोपऱ्यात साल असतं, सगळ्या काचा एकाच सालाच्या पाहिजेत. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुने असले तर गाडी वाईट नाही, पण तेवढे पैसे भावातनं कमी करा.

एअरबॅगचं मुद्दाम सांगतो. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटला बहुतेक नसते. २०१५ च्या वॅगनआरमध्ये एअरबॅग-एबीएसवालं व्हेरियंट सापडलं तर १०-१५ हजार जास्त द्यायला मी सांगेन, बाकी कशासाठी नाही.

कागद. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका, कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, कर्जाची नोंद आहे का, सगळं दिसतं. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन बघून घ्या, जुन्या मालकाचे फाइन त्याच्याकडनंच भरून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो, त्यामुळे प्रीमियम जरा वाढेल.

हेच उलट बाजूनं सँट्रोला लावा. नुसती गाडी नि सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, पुढं त्या गाडीनं अपघात केला तर भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. भंगारात दिली तरी आरसी रद्द केल्याचा कागद घ्या.

भावाचं म्हणाल तर २ लाख ८५ मागितलेत, वरच्या तपासणीत निघालेली कामं कागदावर लिहा, समोर प्रत्येकाचा खर्च लिहा आणि तो कागद मालकासमोर ठेवा. २ लाख ५५-६० ला आली नि पुराची, मीटरची नि हेडची शंका नसली तर घ्या. नाही आली तर सोडा, या मॉडेलच्या गाड्या दर आठवड्याला निघतात. मधले पंधरा दिवस वडिलांसाठी ओळखीचा रिक्षावाला नाहीतर भाड्याची गाडी ठरवा, त्यात चार-पाच हजार जातील, पण घाईत चुकीची गाडी घेण्यापेक्षा ते परवडतं. तासगावातलाच मेकॅनिक सोबत न्या, पुढं गाडी त्याच्याकडंच जाणार आहे, त्याला हजार रुपये द्या नि विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

आणि बघायला जाताना व्हीलचेअर घेऊन जा. डिकी उघडून स्वतः ठेवून बघा, घडी करून आडवी बसते का, की मागची सीट पाडायला लागते. वडिलांना बरं वाटत असेल त्या दिवशी त्यांनाही न्या, पुढच्या सीटवर बसवा, दोनदा उतरवून चढवा, आणि त्यांना विचारा कसं वाटतंय. कुठली गाडी ठरली ते इथं लिहा, आणि तपासणीत काही शंका आली तर घ्यायच्या आधी विचारा, मी संध्याकाळी बघतो.